फेलिक्स कॅप्टनने झाकलेली टाकी

फेलिक्स तुस्कानोच्या हातात क्लिंग फिल्मचा रोल दिला तर तो अख्खं वाळवंट झाकून ठेवेल, असं हॉटेलातली पोरं त्याच्या तोंडावर म्हणत, आणि तो हसून सोडून देई. दुबईतल्या एका मोठ्या हॉटेलात तो बँक्वेट कॅप्टन होता. म्हणजे लग्नं, साखरपुडे, कंपन्यांच्या पार्ट्या, जिथे जिथे शेकड्याने माणसं जेवतात तिथे काळा सूट घालून उभा राहणारा आणि कुणाच्या ताटात काय कमी पडलंय ते लांबून ओळखणारा माणूस. वसईच्या भुईगावातून तो वेटर म्हणून इथे आला तेव्हा नव्या नवलाईतच एक वाळूचं वादळ झालं. लॉनवर मांडलेल्या सॅलडच्या थाळ्यांवर बारीक रेती बसली आणि त्याच्या वरिष्ठाने पाहुण्यांसमोर त्याची अशी हजेरी घेतली की तो त्या रात्री जेवला नाही. त्यानंतर त्याच्या हाताखालून एकही थाळी उघडी गेली नाही. ते पातळ पारदर्शक प्लास्टिक तो असं ताणून बसवी की त्यावर टिचकी मारली तर आवाज यावा. एका कोपऱ्याला मात्र तो छोटीशी घडी घालून ठेवी, काढणाऱ्याला चिमटीत धरायला. त्या घडीला तो 'कान' म्हणे.

ही खोड त्याने घरीही आणली. दुबईच्या करामा भागातल्या त्याच्या फ्लॅटमध्ये टीव्हीचा रिमोट गुंडाळलेला, पासपोर्ट गुंडाळलेले, फ्रिजमधलं अर्धं लिंबूसुद्धा गुंडाळलेलं. मुलगी सँड्रा पहिलीत असताना एकदा डबा तसाच घेऊन रडत घरी आली, कारण सँडविचवरचं प्लास्टिक तिला सुटेना. पॉलिन, म्हणजे फेलिक्सची बायको, त्याच्यावर जाम उखडली. फेलिक्सने काय केलं? कान मोठा ठेवायला लागला. गुंडाळायचं काही सोडलं नाही.

दुसरी खोड याहून वाईट. कुणी काही मागितलं, काही बिघडलं, काही अंगावर आलं की त्याच्या तोंडून एकच वाक्य निघे, "नो प्रॉब्लेम." नवरीचा केक वाटेत कलंडला, नो प्रॉब्लेम. अर्धे वेटर तापाने पडले, नो प्रॉब्लेम. पाहुण्यांना हे फार आवडे. घरच्यांना आवडायचं काही कारण नव्हतं, कारण त्या दोन शब्दांच्या मागे काय चाललंय ते त्यांना कधीच कळत नसे.

त्या उन्हाळ्यात हॉटेलाने बँक्वेटचं सगळं काम बाहेरच्या कंपनीला देऊन टाकलं आणि फेलिक्सला बोलावून सांगितलं की उद्यापासून येऊ नका, महिनाअखेरीस तुमचे व्हिसा रद्द करायचे कागद करू, तेव्हाही तो मॅनेजरला "नो प्रॉब्लेम, सर" म्हणाला. घरी येऊन पॉलिनला तो हेही म्हणाला नाही. जेवला, ताट उचललं आणि सूटला इस्त्री केली.

सांगायचं कसं, हा खरा प्रश्न होता. गेल्या वर्षी पॉलिन म्हणत होती की आता पुरे झालं, सँड्राची दहावी झाली, वसईला परत जाऊ. तेव्हा यानेच छाती ठोकून सांगितलं होतं, माझी नोकरी पक्की आहे, पोरीची बारावी इथेच होऊ दे. आणि आता पोर बारावीत होती. तिचा इथला व्हिसा बापाच्या व्हिसाला जोडलेला. पॉलिन एका दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर होती, पण तिच्या नोकरीवर मुलीचा व्हिसा निघण्यासारखा नव्हता. महिनाअखेरीच्या आत फेलिक्सला दुसरीकडे चिकटता आलं नाही, तर सँड्राला बोर्डाच्या वर्षात दप्तर आवरून निघावं लागणार होतं. तरी तो रोज सकाळी काळा सूट चढवून, सेंट मारून घराबाहेर पडे.

जायचा कुठे? दुबईच्या पलीकडे, उम्म अल कुवैनला. तिथल्या इंडस्ट्रियल एरियात संजय राणे या माणसाची साफसफाईची कंपनी होती. संजयच्या मुलाचे, विहानचे, वाढदिवस फेलिक्सनेच हॉटेलात थाटात साजरे केलेले. त्या ओळखीवर फेलिक्सने त्याला फोन केला होता. संजय भला माणूस, पण धंदेवाला. "कॅप्टन, तुमच्यासारखा माणूस मला हवाच आहे," तो म्हणाला, "पण ऑफिसात जागा नाही. गाडीवर सुपरवायझर म्हणून बघा. मशीन शिका. एक मोठी साइट एकट्याने काढून दाखवा, मग तुमची व्हिसाची फाइल टाकू."

मशीन म्हणजे प्रेशर वॉशर. पिकअपच्या मागे पाण्याची पांढरी प्लास्टिकची टाकी, शेजारी इंजिनावर चालणारा पंप, आणि लांब पाइपाला लावलेली गन. नळ असेल तिथे कुणीही धुवील, पण ज्या साइटवर नळ नाही तिथे या पंपाने टाकीतून पाणी ओढून घ्यायला हवं, आणि ते तो मुकाट्याने ओढत नाही. पाइपात कुठे हवा राहिली की नुसता घरघरतो. इथे फेलिक्सचं वसईपण कामाला आलं. भुईगावात त्यांच्या वाडीतल्या विहिरीवर पंप होता, आणि पोहायला शिकवण्याआधी बापाने त्याला पंपाला पाणी पाजायला शिकवलं होतं. आधी पाइप पाण्याने भरायचा, हवा काढून टाकायची, मग चालू करायचं. संजयच्या यार्डात त्याने ते पहिल्या झटक्यात करून दाखवलं. गाडीचा ड्रायव्हर यहया, पेशावरचा, मोठ्या दाढीचा, कमी बोलणारा माणूस, त्यानेसुद्धा मान डोलावली.

आणि मग साइट आली. संजयने सांगितलं, "शनिवारी ऊद मेथा. शाळेचं बस उभ्या राहायचं आवार आणि पुढचं पटांगण. बाहेर नळ नाही, पाणी टाकीचंच. सोमवारी शाळा उघडते, त्याआधी चकाचक पाहिजे. दुपारी उन्हाची सक्तीची सुट्टी लागायच्या आत मेन काम खलास करा."

दुबईतल्या ऊद मेथात भारतीय शाळा एकीला लागून एक आहेत. सँड्राची त्यातलीच. फेलिक्सने नाव विचारलं, आणि संजयने जे नाव घेतलं ते नेमकं तिच्याच शाळेचं होतं. "नो प्रॉब्लेम, साहेब," फेलिक्स म्हणाला. सुट्टीच्या दिवशी शाळेत कोण काळं कुत्रं असणार, अशी त्याने मनाची समजूत घातली.

शुक्रवारी संध्याकाळी गाडी तयार करताना यहया कुरकुरला, "फेलिक्स भाई, ढक्कन से पानी उछलता है. पूरा रोड गीला होता है." टाकीच्या झाकणाला मधोमध बारीक भोक होतं, त्यातून हिसक्यासरशी पाणी उडे. शिवाय रस्त्यावरची रेती त्याच भोकातून आत जाणार. बनवणाऱ्यांनी बुजवायचं विसरलेलं दिसतंय, असं फेलिक्सला वाटलं. त्याने पिशवीतून आपला रोल काढला. टाकीच्या तोंडावर प्लास्टिकचे थरावर थर ताणून बसवले, कडेने दोरीने आवळलं, वरून झाकण फिरवून घट्ट केलं. झाकणाखालून एका बाजूने कान बाहेर ठेवला. थेंब पडायची सोय राहिली नाही. कितीतरी दिवसांनी आपल्या हातून एक काम मनासारखं झालं, असं त्याला वाटलं आणि बरं वाटलं.

शनिवारी सकाळी त्याने गाडीतच सूट उतरवला, हॅंगरला लावून लाँड्रीच्या प्लास्टिकमध्ये सरकवला आणि कंपनीचा निळा डगला, टोपी, गमबूट चढवले. शाळेचं फाटक उघडं होतं. फिझा मॅडम म्हणून आवाराची व्यवस्था बघणाऱ्या बाई होत्या, त्या छत्री घेऊन उभ्याच होत्या. "बारा बजे तक बस बे क्लिअर चाहिए," त्या म्हणाल्या. "आज सीनियर बच्चे भी आ रहे हैं, वेलकम की तैयारी के लिए."

सीनियर म्हणजे बारावीची मुलं, म्हणजे सँड्रा. पण आता मागे फिरायचं म्हणजे संजयला काय सांगायचं? त्याने टोपी भुवयांपर्यंत ओढली आणि इंजिन चालू केलं.

पंपाने पाणी घेतलं. गनमधून असा जोरदार झोत सुटला की फरशीवरचे ऑइलचे डाग, पक्ष्यांची घाण, उन्हाळाभराची रेती पुढे पुढे पळायला लागली आणि मागून स्वच्छ करडी फरशी निघायला लागली. फेलिक्सला वाटलं, जमतंय. आणि तेवढ्यात झोत मंदावला, गन थुंकल्यासारखी करू लागली, पंपाचा आवाज चिरका झाला आणि पाणी बंद.

त्याने इंजिन थांबवलं. टाकी पांढरट असल्याने पाण्याची रेघ बाहेरूनच दिसत होती, पाणी भरपूर होतं. म्हणजे पाइपात हवा. त्याने पंपाकडचं टोक सोडलं, पाइप गुळगुळला, थोडं पाणी सांडलं. पुन्हा भरून, पुन्हा जोडून चालू केलं. चाललं! दोन पट्टे धुऊन होतात न होतात तोच पुन्हा तेच. जाळी काढून धुतली. रबराचा वायसर बदलला. जोडांवर टेप गुंडाळली. दर वेळी पंप नव्याने आशा दाखवी आणि थोड्याच वेळात मान टाकी. असा छळ सरळ बंद पडलेल्या मशीनने केला नसता. ते निदान एकदाच बंद पडतं.

ऊन चढत होतं. यहयाने टाकीच्या अंगावर हात फिरवला. तिची एक बाजू आत ओढल्यासारखी दिसत होती. "टंकी पिचक गयी," तो म्हणाला. "गरमी से नरम हो गयी होगी." फेलिक्सला पटलं. या देशात उन्हाळ्यात काहीही झालं की गरमीवर ढकलायची पद्धतच आहे. बॅटरी मेली, गरमी. माणूस चिडला, गरमी. टाकी वाकली त्याचा कुणी दुसरा विचार करत नाही. त्याने ओलं पोतं टाकीवर टाकलं आणि आपण फार हुशारी केली असं समजून पुन्हा पंपाला पाणी पाजायला बसला.

संजयचा फोन आला. "काय कॅप्टन, कुठवर आलं?"

"होतंय, साहेब. पंप जरा नखरे करतोय."

"हे बघा, तुमच्याने होत नसेल तर आत्ता सांगा. इथून दुसरी टीम काढतो. शाळा हातची गेली तर मला परवडायचं नाही."

दुसरी टीम आली की फाइल संपली, हे दोघांनाही माहीत होतं. "नो प्रॉब्लेम," फेलिक्स म्हणाला.

फोन ठेवून तो वळला, तर फाटकातून मुलामुलींचा घोळका आत येत होता. हातात रंगीत कागद, फुगे, गुंडाळलेले बॅनर. मधोमध सँड्रा, केस वर बांधलेली, कुणाला तरी हसत काही सांगत. फेलिक्स चटकन गाडीच्या आड गेला आणि पाठ करून उभा राहिला. आयुष्यभर ज्या माणसाने पाहुण्यांना कधी पाठ दाखवली नाही, तो पोटच्या पोरीला पाठ करून उभा होता. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली.

त्याच वेळी पंप पुन्हा चिरकला आणि यहयाने भोळेपणाने हाक मारली, "फेलिक्स भाई! पानी फिर नहीं उठा रहा!"

घोळका पुढे गेला. पावलांचा एक आवाज मात्र मागे राहिला.

"डॅडा?"

तो वळला. सँड्राने त्याच्या गमबुटांपासून टोपीपर्यंत पाहिलं. गाडीच्या खिडकीत लटकलेला सूट पाहिला.

"व्हॉट इज धिस? यू सेड यू हॅव अ वेडिंग टुडे."

"हळू बोल," तो म्हणाला. "हॉटेलचं काम संपलं, बेटा. हे नवीन. आज हे झालं तर इथे राहायचं होईल. तुझा व्हिसा..." पुढे त्याला बोलता येईना. "आणि हे होत नाहीये. पंप पाणी घेतो आणि सोडतो. मला कळत नाहीये काय झालंय."

'मला कळत नाहीये' हे शब्द सँड्राने बापाच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकले असावेत. तिला पंपातलं ओ की ठो कळत नव्हतं. ती नुसती टाकीकडे बघत राहिली, आणि बघता बघता तिची नजर झाकणावर थांबली. झाकणाखालून एक छोटी, नीट दुमडलेली पारदर्शक घडी बाहेर आली होती. तिच्या लहानपणीच्या प्रत्येक डब्यावर होती तशीच.

"ओह माय गॉड, डॅडा. यू रॅप्ड द टँक?"

ती गाडीच्या चाकावर पाय देऊन वर चढली. झाकण फिरवलं, ते जाम झालेलं. यहयाने हात लावला. खाली प्लास्टिकचा पडदा फुग्यासारखा आत ओढला गेला होता. "इट कांट ब्रीद," सँड्रा म्हणाली, चिमटीत कान धरला आणि ओढला. भस्सकन हवा आत शिरली, आणि टाकीची ती वाकलेली बाजू धप्पकन आवाज करून बाहेर आली.

यहयाने कपाळावर हात मारला. फेलिक्सच्या डोक्यात आता प्रकाश पडला. पाणी बाहेर जायचं तर तेवढी हवा आत यायला हवी, एवढी साधी गोष्ट. वाडीतली विहीर उघडी असते, तिथे हा प्रश्नच नव्हता. पंप बिचारा सकाळपासून जीव तोडून ओढत होता आणि याने वरून तोंड दाबून धरलं होतं. भोक कुणी विसरलेलं नव्हतं. त्याने ते बुजवलं होतं, तेही मोठ्या प्रेमाने.

इंजिन चालू झालं. झोत आला आणि थांबला नाही.

"सँड्रा! आर यू कमिंग ऑर व्हॉट?" पायऱ्यांवरून एका मुलीने हाक मारली. "हू इज दॅट?"

सँड्रा खाली उतरली. तिने ओले हात जीन्सला पुसले. "नोबडी," ती ओरडली. "जस्ट हेल्पिंग. कमिंग!" मग खालच्या आवाजात बापाला म्हणाली, "डज ममा नो?"

त्याने नकारार्थी मान हलवली.

"ओके. देन आय डोंट नो आयदर." आणि ती पळत गेली.

तिने आपल्याला लपवलं म्हणून त्याला हायसं वाटलं, आणि लगेच त्याच कारणासाठी वाईटही वाटलं. तो गन धरून राहिला. सुट्टी लागायच्या आत बसचं आवार निघालं, ऊन उतरल्यावर पटांगणही निघालं. फिझा मॅडमनी फोटो काढून संजयला पाठवले. संध्याकाळी संजयचा निरोप आला: "शाब्बास कॅप्टन. सोमवारी पासपोर्ट घेऊन या, व्हिसाचा अर्ज भरायला टायपिंग सेंटरला जाऊ. इन्शाल्ला."

जीव भांड्यात पडला खरा. घरी जाताना फेलिक्सने वाक्यही तयार केलं. व्हिसाचं झालं की म्हणायचं, पॉलिन, हॉटेलात आता राम राहिला नव्हता, मीच सोडलं, सुपरवायझर झालोय. छान, चकचकीत, रेतीचा कण नसलेलं वाक्य. कुणाला कुठून उघडायला जागा नाही.

पॉलिनने बांगड्याचं कालवण केलं होतं. तिघं जेवायला बसली. ती भात वाढता वाढता म्हणाली, "काय रे फेलिक्स, चेहरा किती काळवंडलाय. लग्न बाहेर लॉनवर होतं की काय? या उन्हात?"

फेलिक्सने तोंड उघडलं, पण त्याच्याआधी सँड्रा बोलली.

"हो ममा, लॉनवरच होतं. डॅडा मला मघाशी सांगत होते. नवरीकडचे खूप लोक आले, म्हणून त्यांना दिवसभर उभं राहावं लागलं. तू त्यांना आता काही विचारू नकोस, ते दमलेत."

स्वच्छ, सलग मराठी. ही मुलगी आईच्या मराठी प्रश्नांना इंग्रजीतच उत्तरं द्यायची. मराठीत बोल म्हणून पॉलिन तिच्यामागे वर्षानुवर्षं लागली होती. आणि आज ती अशी बोलली की एक शब्द अडला नाही. नजर ताटात, आवाज शांत, चेहऱ्यावर सुरकुती नाही. पॉलिन कौतुकाने बघतच राहिली. तो चेहरा मात्र फेलिक्सच्या ओळखीचा होता. तो रोज सकाळी आरशात सूट चढवताना दिसायचा.

"खोटं आहे ते," तो म्हणाला.

पॉलिनचा हात भाताच्या भांड्यावर थांबला.

"लग्न नव्हतं. हॉटेलच नाहीये, पॉलिन. मला काढलं. या महिन्याच्या सुरुवातीलाच. मी आज सँड्राच्या शाळेची फरशी धूत होतो. तिने मला बघितलं."

सँड्रा रडायला लागली. पॉलिनने भांडं खाली ठेवलं. ती ओरडेल, निदान ताट सारून उठेल, असं फेलिक्सला वाटलं होतं. तसं काही झालं नाही.

"सँड्राला कधी कळलं?" तिने विचारलं.

"आज सकाळी."

"आज सकाळी," पॉलिन म्हणाली आणि लेकीकडे बघत राहिली. "म्हणजे एका दिवसात शिकली ही तुझं."

सवयीने ते दोन शब्द फेलिक्सच्या ओठांपर्यंत आले, ते त्याने गिळले.

"मला भीती वाटते," तो म्हणाला. "सोमवारचं झालं तर ठीक आहे, नाही झालं तर मला माहीत नाही काय करायचं. खूप दिवस भीती वाटतेय."

पॉलिनने आपली खुर्ची टेबलाच्या त्या बाजूने उचलून त्याच्या शेजारी आणून ठेवली आणि बसली.

"हां," ती म्हणाली. "आता सांग. पहिल्यापासून."